उजवीकडून पहिला रकाना

हिमायतनगरच्या वळणावर, जिथं बस थांबते, तिथं गेल्या आठवड्यात सीताफळांच्या पाट्या लागल्या. पाट्यांमागं बसलेल्या बायका एकेक फळ अंगठ्यानं दाबून पाहत होत्या आणि डोळे उघडलेली वेगळी काढत होत्या. बायकोनं सहा निवडून घेतली. मी पिशवी धरून उभा होतो. फळं पिशवीत पडली तेव्हा माझ्या नाकात वास आला तो सीताफळाचा नव्हता, क्लोरोफॉर्मचा होता.

"यंदा तरी खाणार का?" तिनं विचारलं.

"बघू."

"लग्न झाल्यापासून बघताय."

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी तिला सांगितलं होतं की सीताफळानं मला पित्त होतं. तिनं ते खरं मानलं. आमच्या घरात ते आता इतकं पक्कं झालं आहे की मुलंही पाहुण्यांना सांगतात, बाबांना सीताफळ चालत नाही.

दसरा जवळ आला, ऊन पिवळं पडायला लागलं, सकाळच्या हवेत थोडा कोरडेपणा आला की मला त्या एका वर्षाची आठवण येते. संस्थान विलीन झालं ते वर्ष. लोक त्या वर्षाबद्दल बोलतात तेव्हा मिरवणुका, झेंडे, रेडिओवरच्या बातम्या सांगतात. ते सगळं मीही पाहिलं. पण डोळे मिटले की मला दिसते ती कॉलेजच्या मागच्या बाजूची एक अंधारी खोली. खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं. मधोमध पाऱ्याच्या वाफेचा दिवा, आणि त्याचा तो निळा-हिरवा उजेड, ज्यात माणसाचे ओठ जांभळे दिसतात. दिव्याशेजारी शिंगासारख्या आकाराची काचेची नळी, तिच्यात द्रव. पलीकडं लोलक बसवलेली लांबट पेटी आणि तिच्या टोकाला फोटोची काच. दाराबाहेर स्टुलावर यादगिरी. तो आमचा प्रयोगशाळेतला शिपाई, माझ्या वडिलांच्या वयाचा.

"सारू, दरवाजा खोले तो लाइट घुसती। लाइट घुसी तो काच ख़राब," असं तो मला, म्हणजे ज्यानं त्याला हे शिकवलं त्यालाच, रोज ऐकवायचा. सारू म्हणजे त्याच्या तेलुगू वळणाचं आपुलकीचं सर.

त्या खोलीचे मालक होते मुनव्वर अली साहेब. मालक म्हणजे कागदावर नव्हे. कागदावर ते आमच्या पदार्थविज्ञान विभागातले साधे अध्यापक, चाळिशीचे, परदेशी पदवी नसलेले. पण ती पेटी त्यांनी स्वतःच्या हातानं जुळवली होती. नळीच्या टोकाला लावायचा काळा रंग त्यांनी बेगम बाजारात चार दुकानं पालथी घालून आणला होता. मी त्यांचा मदतनीस, सव्वीस वर्षांचा. ते मला केशव मियाँ म्हणायचे.

ते करत होते ते काम सांगायला सोपं आहे. द्रवातून प्रकाश सोडला की बहुतेक सगळा जसा आत गेला तसाच बाहेर पडतो. अगदी थोडा, कोटीत एखादा कण असावा इतका, रंग बदलून बाहेर येतो. यालाच रामन परिणाम म्हणतात. तो बदललेला प्रकाश फोटोच्या काचेवर बारीक रेघांसारखा उमटतो. प्रत्येक रेघ म्हणजे रेणूतल्या एका जोडाची थरथर. आता एका द्रवात दुसरा द्रव मिसळा. रेघ जागच्या जागी राहिली तर दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. रेघ जराशी सरकली, तर आत काहीतरी घडलं आहे.

"बाहर से देखो तो पानी में पानी मिला," मुनव्वर साहेब म्हणायचे. "अंदर कौन किसका हाथ पकड़ा, ये सिर्फ़ लकीर बोलती है, मियाँ।"

एकदा त्यांनी माझ्या हातात रिकामा चंबू दिला. त्यात ॲसिटोन ओतलं, वरून क्लोरोफॉर्म. बूच लावलं. "पकड़े रहो।" चंबू माझ्या तळहातात गरम होत गेला. खाली जाळ नाही, काही नाही, नुसते दोन गार द्रव एकत्र आलेले. मग दुसरा चंबू. त्यात ॲसिटोन आणि नासक्या कोबीसारखा वास येणारं कार्बन डायसल्फाइड. तो चंबू थंड पडला. ते हसले. "ये दोनों सिर्फ़ साथ बैठे हैं। वो पहले वाले मिले।"

मी आज विद्यार्थ्यांना हाच प्रयोग दाखवतो. हेच वाक्य मराठीत करून सांगतो. कोणाचं आहे ते सांगत नाही.

*

आम्ही विज्ञान उर्दूत शिकलो हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात. पण मला प्रकाशाच्या पट्ट्याला तैफ़ म्हणायचं आधी आलं आणि स्पेक्ट्रम नंतर. शुद्ध द्रव म्हणजे ख़ालिस, मिश्रण म्हणजे आमेज़ा. घरी मराठी, बाजारात दख्खनी, वर्गात उर्दू, पुस्तकाच्या मागच्या यादीत इंग्रजी. यात अवघड असं काही वाटायचं नाही. माझे वडील महसूल खात्यात होते. त्यांची उर्दू इतकी सफाईची की मुसलमान कारकून त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. संस्थान विलीन झाल्यावर ऑफिसातली कामं हळूहळू इंग्रजीत होऊ लागली तेव्हा ते ओसरीत बसून इंग्रजी अक्षरं गिरवायचे आणि म्हणायचे, "जन्मभर उजवीकडून लिहिलं. आता पेन्शनच्या अर्जापुरतं डावीकडून."

त्यांनी मला दफ्तरातली एक रीत लहानपणापासून शिकवली होती. साहेबानं विचारलं तेवढंच सांगावं. जास्त नाही, कमी नाही, खोटं तर मुळीच नाही. आमच्या घरात तीन पिढ्या नोकरी टिकली ती या रीतीवर, असं ते मानायचे. मीही मानत होतो.

विलीनीकरणाआधीच्या त्या उन्हाळ्यापासून संस्थानाची नाकेबंदी होती, बाहेरून माल येणं जवळपास बंद झालं होतं. औषधं मिळत नव्हती, तिथं फोटोच्या काचा कोण देणार? सिकंदराबादच्या एका दुकानात धूळ खात पडलेली शेवटची डझनाची पेटी मुनव्वर साहेबांनी छातीशी धरून आणली. सायकलवर नव्हे, चालत. खड्ड्यात आदळून काच फुटेल म्हणून. एका काचेवर रेघ उमटायला तीन-तीन दिवस लागत. दिवा तापायचा, यादगिरी पाणी बदलायचा, शहरात काय चाललं आहे ते दाराच्या फटीतून थोडं थोडं सांगायचा. बारा काचांपैकी दोन धूसर निघाल्या, एक माझ्या हातून फुटली. मला ते एक शब्द बोलले नाहीत. "नौ बची," एवढंच म्हणाले, आणि तुकडे स्वतः वेचले.

त्या नऊ काचांवर त्यांचं सगळं काम उभं होतं. सूक्ष्मदर्शकातून रेघा मोजताना ते आकडे म्हणायचे, मी ऐकायचो, मग तेच वहीत लिहायचे. ॲसिटोनची ती ठळक रेघ क्लोरोफॉर्म मिसळत गेलं की खाली सरकते, आणि किती मिसळलं त्यावर किती सरकते, हे त्यांनी पायरी-पायरीनं मांडलं. वहीची निळी शाई, बारीक वळणदार अक्षर. उजवीकडून पहिला रकाना ख़ालिस. त्याच्या डावीकडं आमेज़ा.

मग सप्टेंबरचे ते पोलीस कारवाईचे पाच-सहा दिवस आले आणि गेले. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मीही वाटले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो तर मुनव्वर साहेब दिवा पुसत बसले होते. मी खिशातला पेढा काढावा की नाही या विचारात उभा राहिलो. त्यांनीच हात पुढं केला.

"लाओ मियाँ। मीठे से क्या झगड़ा।"

त्यानंतर आठवडाभरानं ते रजा टाकून गेले. त्यांची बहीण मराठवाड्यातल्या एका लहान गावात दिली होती. तिकडून पत्र येणं थांबलं होतं.

*

ते गेले आणि हुकूम आला. प्रत्येक विभागानं आपल्याकडच्या संशोधनाचा गोषवारा इंग्रजीत द्यावा. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, ते त्यावर ठरणार होतं. नवे प्रमुख बाहेरच्या प्रांतातून आले होते. सज्जन माणूस. त्यांना उर्दू येत नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मुनव्वर साहेबांच्या वहीचं काम माझ्याकडं आलं.

मी ते एका दिवसात केलं. प्रस्तावना मन लावून लिहिली, इंग्रजी शब्द शोधून शोधून घातले. सारणीपर्यंत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सारणीत अवघड काय असतं? वर डावीकडून इंग्रजीत मथळे लिहिले. आधी शुद्ध, मग मिश्रण. ते मला पाठ होते, वहीकडं बघावंसुद्धा लागलं नाही. मग वहीतले आकडे डोळ्यांना दिसले तसे, डाव्या रकान्यातले डावीकडं आणि उजव्यातले उजवीकडं, उतरवत गेलो. आकडे उर्दूतही डावीकडूनच लिहितात. त्यामुळं हाताला कुठं अडलं नाही.

मथळे एका दिशेनं गेले, आकडे दुसऱ्या. शुद्धच्या खाली मिश्रणाचे आकडे, मिश्रणाच्या खाली शुद्धचे. मुनव्वर साहेबांची रेघ खाली सरकत होती, माझ्या कागदावर ती वर चढू लागली.

दोन दिवसांनी प्रमुखांनी मला बोलावलं. टेबलावर माझा कागद होता, शेजारी एक इंग्रजी ग्रंथ उघडा.

"हे वर कसं जातं?" ते इंग्रजीत म्हणाले. "सगळीकडं खाली येतं असं लिहिलंय. या गृहस्थांना मोजता येत नाही, की यांनी मोजलंच नाही?"

मी वही आणली. सारणीचं पान उघडलं. त्यांनी त्या अक्षरांकडं पाहिलं आणि हात पसरले.

"मला हे वाचता येत नाही. तुम्ही दोन्ही वाचता. हे आकडे तेच आहेत ना?"

गेल्या आठवड्यापर्यंत ही गोष्ट मी एकदाच कोणाला सांगितली होती, एका मित्राला, प्रवासात. त्याला मी म्हटलं की चूक माझ्या खूप नंतर लक्षात आली, तोवर वेळ गेली होती. तो म्हणाला, जाऊ दे, तुझा काय दोष? मला बरं वाटलं. पण ते खरं नाही. मी वही उघडली आणि सवयीनं माझं बोट उजव्या कडेला गेलं. ख़ालिस हा शब्द बोटाखाली होता. मला तिथंच, त्यांच्या टेबलापाशी उभा असताना, सगळं कळलं. पंखा फिरत होता. कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला होता. मी ख़ालिसवर बोट ठेवून उभा होतो आणि ते वाट पाहत होते.

मला काय वाटलं ते लिहायचं तर भीती आधी लिहावी लागेल. मदतनिसाची माझी जागा तात्पुरती होती. जो माणूस साधी सारणी उलटी उतरवतो त्याला कोण कायम करणार? आणि भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते जास्त लाजिरवाणं आहे. मुनव्वर साहेबांची जागा रिकामी झाली तर ती कोणाला मिळेल, हे त्या खोलीत मला आणि प्रमुखांना दोघांनाही माहीत होतं.

"हो सर," मी म्हणालो. "आकडे तेच आहेत."

वडिलांनी शिकवलेली रीत मी पाळली होती. विचारलं तेवढंच सांगितलं. एकही आकडा खोटा नव्हता.

काचा कपाटात होत्या, त्यांच्या पाकिटांवर उर्दूत नावं होती. अर्ध्या तासात पुन्हा मोजता आल्या असत्या. प्रमुखांना हे सुचलं नाही. मी सुचवलं नाही.

घरी आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय म्हणाले नवे साहेब?"

"काही नाही. आकडे विचारले."

"सांगितलेस?"

"सांगितले."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि पुन्हा अक्षरं गिरवू लागले.

*

मुनव्वर साहेब दिवाळीच्या नंतर परतले. दाढी वाढली होती, शेरवानीचं वरचं बटण नव्हतं. खांद्यावरच्या उपरण्यात सीताफळं बांधली होती. दरवर्षी बहिणीच्या अंगणातल्या झाडाची सीताफळं ते प्रयोगशाळेत आणायचे आणि आम्ही तिघं हात धुऊन खायचो, बिया बशीत थुंकत. यादगिरी नेम धरून थुंकायचा आणि मुनव्वर साहेब त्याला गुण द्यायचे.

"बहीण?" मी विचारलं.

"मिल गई। नांदेड़ में थी, किसी के घर।" उपरण्याची गाठ सोडत ते थांबले. "दूल्हे भाई नहीं मिले।"

यादगिरीनं बशी आणून ठेवली.

"घर पर ताला था," ते म्हणाले. "झाड़ भरा हुआ था। मैं सोचा, छोड़ के क्या करूँ। खाओ।"

मी खाल्लं. दोन खाल्ली. त्यांना नोकरीवरून कमी केल्याचं पत्र ऑफिसच्या टेबलावर आठ दिवसांपासून पडून होतं, आणि ते मला ठाऊक होतं. तरी मी त्या अंगणातल्या झाडाची दोन फळं बसून खाल्ली, बिया बशीत टाकल्या. ती फळं अतिशय गोड होती, हे मला आजही नाकारता येत नाही.

दुपारी ते ऑफिसातून आले ते हातात दोन कागद घेऊन. एक पत्र, एक मी लिहिलेला गोषवारा. खिडकीवरचं काळं कापड त्यांनी एका कोपऱ्यातून वर केलं आणि उजेडात सारणी धरली. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. फार वेळ लागला नाही. मी नळी धूत होतो, पाठ त्यांच्याकडं.

"केशव मियाँ."

"जी."

"तुम बाएँ से पढ़े."

डावीकडून वाचलंस. आवाज चढलेला नव्हता. विद्यार्थ्याची चूक सापडली की शिक्षकाला जसं थोडं बरं वाटतं, तसा तो स्वर होता. कोडं सुटलं होतं. रेघ का चढली ते त्यांना कळलं होतं.

मी वळलो. "चूक झाली साहेब. मी सांगतो प्रमुखांना."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. रेघा वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसापुढं मी उभा होतो.

"कब?" ते म्हणाले.

टोमणा नव्हता तो. काच कधी काढायची, दिवा कधी बंद करायचा, हे ते जसं विचारायचे तसंच विचारलं. मी म्हणालो, "उद्या सकाळी." ते म्हणाले, "अच्छा." कापड खाली सोडलं, दिव्यावर हात फिरवला, यादगिरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. वही माझ्याकडंच राहिली. त्यांनी ती मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुख दौऱ्यावर होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडं पाहुणे होते. चौथ्या दिवसापासून मी कारणं शोधणं सोडलं. नवीन वर्षात मुनव्वर साहेबांची जागा मला मिळाली.

यादगिरी निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली होता. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसानंतर त्यानं मला सारू म्हणणं सोडलं. साहेब म्हणू लागला.

*

मुनव्वर साहेब शहरातच राहिले. एका खासगी शाळेत गणित शिकवायचे. मी त्यांना या वर्षांत दोनदा पाहिलं. एकदा बस चालू असताना खिडकीतून. दुसऱ्यांदा बेगम बाजारात. मी घरचं तिखट घ्यायला गेलो होतो, ते समोरच्या दुकानात काचेच्या बरण्या उजेडाकडं धरून पाहत होते, शाळेसाठी असतील. मी चटकन मिरचीच्या पोत्यांमागं सरकलो. एवढा मोठा, दोन मुलांचा बाप, विभागाचा प्रमुख झालेला माणूस पोत्यांमागं वाकून उभा होतो. आणि मला ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी, श्वास पुरेना. दुकानदार धावला. समोरून ओळखीचा आवाज आला, "अरे, ठसका लगा है, पानी पिलाओ उनको।" मी डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा त्यांची पाठ दिसत होती. बरण्या घेऊन ते सावकाश चालले होते, खड्डे चुकवत.

*

यंदा आमच्याकडं लेसरचं नवं यंत्र आलं. आम्हाला जे तीन दिवसांत मिळायचं ते आता चहा गार व्हायच्या आत मिळतं. माझी विद्यार्थिनी वसुधा त्यावर तेच जुनं मिश्रण तपासत होती, सराव म्हणून. ती इथलीच मराठी मुलगी, पण मराठी वाचताना अडखळते आणि बोलताना तीन भाषा एका वाक्यात आणते. गेल्या आठवड्यात, सीताफळं घरी आली त्याच दिवशी, ती माझ्या खोलीत आली. एका हातात यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी, दुसऱ्या हातात ग्रंथालयातला जुना टंकलिखित गोषवारा.

"सर, हे उलटं कसं काय? माझी लाइन खाली येतेय. इसमें ऊपर जा रही. मी तीन वेळा केलं. मेरा ग़लत है क्या?"

"नाही. तुझं बरोबर आहे."

"मग हे कोणी केलंय? नाव आहे इथं, मुनव्वर अली. त्यांना मोजता येत नव्हतं का?"

बावीस वर्षांनी तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि या वेळी विचारणारी माझीच विद्यार्थिनी होती. तिला मी दोन्ही चंबू हातात धरायला दिले होते.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी तो ऐकला.

घरी ट्रंकेच्या तळातून वही काढली. शाई तपकिरी झाली आहे, पण आकडे स्वच्छ आहेत. वसुधाच्या पट्टीशी ते ताडून पाहिले. नऊ काचांवर, पाऱ्याच्या दिव्यानं, अशा वर्षात, त्या माणसानं मोजलेलं या नव्या यंत्रानं मोजलेल्याशी केसाइतकंच चुकत होतं. मला वाटतं, ते आकडे जुळले नसते तर मला बरं वाटलं असतं. हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. पत्ता शोधायला अवघड नव्हता. मला तो नेहमीच माहीत होता. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. नाहीद तिचं नाव, आता शाळेत शिकवते. ती सात-आठ वर्षांची असताना एकदा प्रयोगशाळेत आली होती आणि निळ्या उजेडात स्वतःचे हात बघून रडली होती.

मी नाव सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

"केशव चाचा! आइए, आइए। अब्बा तो..." ती थांबली. "गर्मियों में गुज़र गए। आपका नाम बहुत लेते थे।"

"माझं?"

"हौ। बोलते थे, मेरा काम केशव मियाँ अंग्रेज़ी में उतारे।"

खुर्ची पुढं केली होती तिनं. मला बसवेना. त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. पत्नीला नाही, मुलीला नाही. या घरात बावीस वर्षं माझं नाव चांगलं होतं, आणि ते तसं राहू देणं माझ्या हातात होतं. गप्प बसलो असतो, वही आठवण म्हणून दिली असती, चहा पिऊन आलो असतो. मी त्या मोहाचा पूर्ण एक मिनिट विचार केला.

मग वही उघडली आणि तिला म्हटलं, "ये पढ़ो, बेटा." तिनं उजवीकडून वाचलं. ख़ालिस, आमेज़ा. शेजारी मी टंकलिखित कागद ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. ख़ालिसवर बोट ठेवून मी काय म्हणालो तेही सांगितलं. सीताफळंही सांगितली.

तिनं पानावरून बोट एकदा उजवीकडून फिरवलं, एकदा डावीकडून.

"अब्बा को मालूम था?"

"हो. त्याच दिवशी."

तिनं वही मिटली आणि माझ्याकडं सरकवली. "ये मुझे नक्को अभी," ती म्हणाली. "पहले वहाँ पढ़िए, जहाँ उल्टा पढ़े थे."

तिनं चहा विचारला नाही. दारापर्यंत आली, पण मी पायऱ्या उतरायच्या आत दार लागलं होतं.

दर सोमवारी आमच्या विभागाची बैठक असते. मी वही नेली. आधी उर्दूत वाचली, बोट उजवीकडून फिरवत. कोणाला कळलं नाही. मग मराठीत आणि इंग्रजीत सांगितलं, गोषवाऱ्यावर चिकटवायची दुरुस्ती वाचून दाखवली, खाली सही केली. एक तरुण सहकारी मला धीर द्यायला म्हणाला, "सर, दोन रकाने इकडचे तिकडे झाले, एवढंच ना? कोणाचंही होतं."

वसुधा त्याच्याकडं पाहत नव्हती. "सर," ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलं?"

मी दुरुस्तीचा कागद तिच्या हातात दिला, गोषवाऱ्यावर चिकटवायला.

संध्याकाळी वही घेऊन पुन्हा त्या दारात उभा राहिलो. नाहीद बाहेर आली.

"पढ़ दिए?"

"हौ."

"कब?"

बापाचाच स्वर. दिवा कधी बंद करायचा, काच कधी काढायची.

"आज. दोपहर को," मी म्हणालो.

तिनं वही घेतली, पदरानं पुसली आणि आत गेली. ज्यानं पहिल्यांदा विचारलं होतं त्याला हे उत्तर ऐकायला उन्हाळ्यापर्यंत वेळ होता.

घरी आलो तर बायकोनं टेबलावर एक सीताफळ ठेवलेलं. सहातलं शेवटचं. काळं पडलेलं, देठाशी ओलसर झालेलं.

"तुम्ही बघू म्हणालात म्हणून ठेवलं होतं," ती म्हणाली. "गेलं आता. आणि नाहीतरी तुम्हाला पित्त होतं."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"मला पित्त कधीच होत नव्हतं," मी म्हणालो.